पोट भरलेली उपासमार

रोमन पंडित प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले, की शॅमेलिऑन हा सरड्याच्या कुळातला प्राणी काही खात नाही, काही पीत नाही. तो नुसत्या हवेवर जगतो. पुढे शतकानुशतके युरोपातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी हे वचन प्रमाण मानले. झाडाखाली घटकाभर उभे राहून त्या प्राण्याची जीभ कशावर झेपावते, हे पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. आज ही भाकडकथा वाचून आपण हसतो. पण हसण्याचा अधिकार आपण कमावलेला नाही. जगभरातल्या कितीतरी घरांत आज हाच प्राणी जाळीच्या पिंजऱ्यात बसला आहे, आणि त्याच्यापुढे महिन्यांमागून महिने एकाच डब्यातले, एकाच जातीचे, एकाच खाद्यावर वाढलेले रातकिडे टाकले जात आहेत. ‘हा रातकिड्यांवर जगतो’ असे छातीठोकपणे सांगणारा आजचा विक्रेता आणि ‘हा हवेवर जगतो’ असे लिहिणारा प्लिनी यांच्या अज्ञानात डावे-उजवे करता येणार नाही. फरक एवढाच, की प्लिनीने त्या प्राण्याला कोंडून ठेवले नव्हते!

आमचे म्हणणे आडपडदा न ठेवता सांगतो. ज्या प्राण्याचे शिकारीचे स्वातंत्र्य आपण हिरावून घेतले, त्याच्यापुढे तऱ्हेतऱ्हेचे, सकस, जिवंत अन्न ठेवणे हे आपल्यावरचे ऋण आहे. ती हौस नव्हे, चैन नव्हे आणि मेहेरबानी तर मुळीच नव्हे. हे ऋण जो फेडत नाही तो त्या प्राण्याला उपाशी मारतो आहे, मग त्याचे पोट रोज भरलेले का असेना. आणि ज्याला ते फेडणे जमणार नाही त्याने शॅमेलिऑन पाळू नये.

कोणत्या प्राण्यांविषयी आम्ही बोलतो आहोत? येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगरउतारांवरचा, डोक्यावर उंच तुरा मिरवणारा व्हेल्ड शॅमेलिऑन. मादागास्करच्या किनारी झाडोऱ्यातला, निळ्या-हिरव्या-लाल रंगांचा पँथर शॅमेलिऑन. पूर्व आफ्रिकेच्या थंड डोंगराळ भागातला, तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन. अमेरिकेत आणि युरोपात हे प्राणी अनेक दशके पाळले जात आहेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही वाढदिवसाला असा प्राणी मागू लागली आहेत, आणि आपल्या महानगरांतल्या हौशी मंडळींनाही त्याची भुरळ पडली आहे. समाजमाध्यमांवर रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनची चित्रफीत पाहिली, पैसे मोजले, प्राणी घरी आणला. तो खाणार काय, हा प्रश्न मागाहून. त्याचे उत्तर विक्रेत्याने दिलेल्या प्लास्टिकच्या डब्यात असते: रातकिडे, किंवा तेही नसतील तर पक्ष्यांसाठी विकल्या जाणाऱ्या मीलवर्म नावाच्या अळ्या.

या प्राण्याच्या जिभेकडे नुसते पाहिले तरी या व्यवहाराची शरम वाटावी. शरीराच्या दीडपट ते दुप्पट लांबीची ती जीभ पापणी लवायच्या आत सुटते. तिच्या टोकावरचा द्रव माणसाच्या थुंकीपेक्षा सुमारे ४०० पट दाट असतो, हे संशोधकांनी २०१६ मध्ये मोजून दाखवले. दोन डोळे दोन दिशांना फिरतात, सावज हेरतात आणि नेमक्या क्षणी एकाच बिंदूवर स्थिरावतात. एवढी सिद्धता निसर्गाने वाटीतला रातकिडा उचलण्यासाठी केली काय? ती आहे फुलावर उतरणाऱ्या मधमाशीसाठी, पानाआडच्या अळीसाठी, फांदीवरून निघालेल्या भुंगेऱ्यासाठी, नाकतोड्यासाठी, माशीसाठी, पतंगासाठी. चेक अभ्यासक पेट्र नेचास यांनी आयुष्य या प्राण्यांच्या मागे रानोमाळ घालवले आहे, आणि रानातल्या शॅमेलिऑनच्या पोटात मोठा वाटा उडणाऱ्या, परागकणांनी माखलेल्या कीटकांचा असतो, हे ते पुनःपुन्हा सांगत आले आहेत. जमिनीवर, अंधारात, खाचाखोचांत राहणारा रातकिडा हे झाडावर दिवसा शिकार करणाऱ्या या प्राण्याचे मुख्य अन्न नाही. तो पिंजऱ्यातला राजा झाला तो एकाच कारणाने. तो माणसाला पैदास करायला सोपा आणि विकायला स्वस्त पडतो. व्हेल्ड शॅमेलिऑन तर कीटकांबरोबर पानेही खातो, पण किती पिंजऱ्यांत त्याला खाण्याजोगे एक तरी झाड असते?

आता हिशेब पाहा, म्हणजे आमचा संताप कोठून येतो ते कळेल. सरपटणाऱ्या प्राण्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने, शक्यतो दुपटीपर्यंत असावे, असा पशुवैद्यकाचा दंडक आहे. रातकिड्यात स्थिती नेमकी उलटी. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सात-नऊ पट. मीलवर्ममध्ये पंधरा पटींहूनही अधिक. मार्क फिंके या अमेरिकी शास्त्रज्ञाने २००२ आणि २०१३ मध्ये या खाद्यकीटकांची घटकवार तपासणी प्रसिद्ध केली. त्यातून दिसते ते असे, की एक किडा दुसऱ्यासारखा नसतो. मेणपतंगाच्या अळीच्या जिवंत वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा चरबी. रेशीमकिड्यात चरबी नाममात्र आणि पाणी ऐंशी टक्क्यांहून अधिक. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी तर साऱ्यांत निराळी. तिच्या कातडीतच कॅल्शियम साठलेले, फॉस्फरसच्या अडीच पट. आणि व्यापारी पैदाशीच्या बहुतेक किड्यांत जीवनसत्त्व अ आणि कॅरोटीन जवळजवळ नाहीच. ज्याने हिरवे पान पाहिलेले नाही, ज्याने डब्यातल्या पुठ्ठ्यावर आणि बटाट्याच्या कापावर चार दिवस काढले, त्या किड्यात ते येणार कोठून? असा किडा खाल्ला म्हणजे कवच आणि पाणी खाल्ले.

याचा परिणाम कोणी पाहिला आहे काय? रक्तातले कॅल्शियम घटले की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. हाडे मऊ पडतात. फांदी घट्ट धरणारे पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लवतो, बरगड्या मोडतात, आणि ज्या जिभेचे आम्ही वर वर्णन केले ती बाहेर पडते पण परत आत जात नाही. मादीच्या पोटातली अंडी अडकतात आणि ती मरते. जीवनसत्त्व अ कमी पडले की डोळे सुजून मिटतात. डोळ्यांनी शिकार करणारा प्राणी आंधळा होऊन भरल्या वाटीपुढे उपाशी बसतो! पशुवैद्य या अस्थिरोगाला चांगले ओळखतात, कारण पाळीव शॅमेलिऑनमध्ये तो नेहमीचा आहे. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०१० मध्ये व्हेल्ड शॅमेलिऑनच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. टोळांवर वाढवलेल्या या पिल्लांपैकी ज्यांना पूरक कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळाली नाहीत त्यांची हाडे बिघडली. कॅल्शियम, जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ड३ आणि अतिनील किरणांचा दिवा हे सारे एकत्र असेल तर रोग टळतो, असा त्यांचा निष्कर्ष. हे ज्ञान नवे नाही, गुप्तही नाही. ते विक्रेत्याच्या गल्ल्यापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

येथे काही जण पुढे सरसावतील आणि म्हणतील, की आम्ही रातकिड्यांवर कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पावडर भुरभुरतो. मग प्रश्न मिटला. मिटला नाही! तान्ह्या पोराला वर्षानुवर्षे नुसत्या पेजेवर ठेवावे आणि रोज एक गोळी चारून ‘पोषण झाले’ म्हणावे, त्यातला हा प्रकार आहे. पावडर हवीच; तिच्याविरुद्ध आमचा एक शब्दही नाही. विविध किडे दिले म्हणून पावडर सोडावी असेही कोणी समजू नये, कारण बहुतेक किडे कॅल्शियमच्या बाबतीत कंगालच आहेत. पण पावडर हा पूरक भाग झाला. ती चमचाभर जास्त झाली तर ड३ आणि अ ही जीवनसत्त्वे शरीरात साठून विषासारखी बाधतात. कमी झाली तर हाडे जातात. ज्याच्या आहाराचा सारा भार एका डबीवर आहे, त्याच्या जिवाची दोरी त्या डबीच्या झाकणाला बांधली आहे. नानाविध किडे, नानाविध हिरव्या खाद्यावर पोसलेले, हाच त्या प्राण्याचा खरा आधार. एकात जे कमी ते दुसऱ्यात सापडते. एकात जे अति, ते दुसऱ्याने सौम्य होते.

आणि असे किडे काय दुर्मीळ आहेत? मुळीच नाहीत. रेशीमकिडा घ्या. तुतीच्या पाल्यावर वाढणारी ही मऊ, संथ, पचायला हलकी अळी शॅमेलिऑनला फार आवडते. जगभरचे जाणते पाळणारे ती मुद्दाम वाढवतात. आमच्या जालना-बीडकडचा शेतकरी तिच्यावर संसार चालवतो. कोणत्या पाल्यावर ती कशी फुगते, पाला ओला राहिला की ती कशी सडते, हे तेथील बायाबापड्यांना जितके ठाऊक आहे तितके शहरातल्या एकाही प्राणीविक्रेत्याला नसेल. काडीकिडा घ्या. युरोपातल्या शाळांत, प्रयोगशाळांत आणि सरडे पाळणाऱ्यांच्या घरांत जो काडीकिडा पिढ्यान् पिढ्या वाढवला जातो, तो मूळ आपल्या तमिळनाडूतला, पळणीच्या डोंगरातल्या शेंबागनूरचा. विसाव्या शतकाच्या आरंभी तो तिकडे गेला आणि तिथलाच झाला. त्याची मादी नराशिवाय अंडी घालते. काटेरी ब्लॅकबेरीची नाहीतर आयव्हीची पाने दिली की पिल्लांची रांग लागते. फांदीवर फांदी होऊन बसलेला काडीकिडा शोधून टिपणे, ही शॅमेलिऑनच्या डोळ्यांची आणि जिभेची खरी मशागत. ती वाटीत होत नाही.

माश्यांचे तर काय सांगावे! निळी माशी, घरमाशी, ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी आणि तिच्यातून निघालेली माशी. पिंजऱ्यात माशी सोडली की मरगळलेला प्राणी जागा होतो, डोळे फिरू लागतात, अंग पुढे झुकते. हे दृश्य ज्याने पाहिले तो पुन्हा वाटीकडे वळणार नाही. माश्यांना मधाचे पाणी आणि परागकण चारून सोडले तर रानातल्या अन्नाच्या आणखी जवळ जाता येते. दक्षिण अमेरिकेतले दुबिया झुरळ परदेशातल्या पाळणाऱ्यांनी रातकिड्याच्या जोडीला केव्हाच आणले. ते गुळगुळीत भिंतीवर चढत नाही, रात्रभर किरकिरत नाही, हिरवा पाला आणि गाजर आवडीने खाते. प्रार्थना कीटक, टोळ, नाकतोडे, पतंग, लहान गोगलगायी, कुजक्या पानांत राहणारे आयसोपॉड. यादी लांबवता येईल. उष्णतेने कोरड्या पडलेल्या प्राण्याला तंबाखूवरच्या शिंगअळीसारखी पंच्याऐंशी टक्के पाण्याची अळी अधूनमधून दिली तर लाभच होतो. अधूनमधून, हा शब्द आम्ही जाणूनबुजून घालतो. शिंगअळी काय, मेणअळी काय, रोज दिली की प्राणी दुसरे काही तोंडात घेत नाही, आणि आपण एका एकसुरीपणातून निघून दुसऱ्यात पडतो.

मात्र विविधतेच्या नावाखाली जो दुसरा बाजार मांडला गेला आहे त्याचाही आम्ही तितक्याच कठोरपणे निषेध करतो. शॅमेलिऑनपुढे उंदराचे नागडे पिल्लू टाकायचे, विंचू टाकायचा, तो कसा गिळतो याची चित्रफीत काढायची आणि टाळ्या मिळवायच्या, हा आहार नव्हे, तमाशा आहे. तसाच अविचार म्हणजे अंगणातून दिसेल तो किडा उचलून देणे. जर्मनीतले पाळणारे स्वच्छ कुरणांतून जाळे फिरवून किडे गोळा करतात आणि आपल्या सरड्यांना देतात, ही पद्धत उत्तम आहे. पण ते कुरण कीटकनाशकमुक्त असल्याची खात्री आधी करतात. आपल्याकडे शेतात काय फवारले, बागेत काय शिंपडले, घरातल्या झुरळासाठी कपाटामागे कोणते औषध लावले, याचा पत्ता कोणाला असतो? घरातले झुरळ शॅमेलिऑनला देणे म्हणजे विष देणे. रुईवरचे रंगीबेरंगी नाकतोडे रुईचे विष अंगात बाळगतात. त्यांना हात लावू नये. काजवे तर दूरच ठेवावेत. अमेरिकेतील फोटायनस जातीचे काजवे खाऊन पाळलेले बिअर्डेड ड्रॅगन सरडे तडफडून मेल्याची नोंद १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी केली. एकेक काजवा त्यांना पुरला. टोमॅटोवरून तोडलेली शिंगअळीही अशीच वर्ज्य. खाद्य म्हणून वाढवलेली अळी वेगळ्या कृत्रिम खाद्यावर पोसलेली असते. टोमॅटोची पाने खाल्लेली अळी त्या पानांतले विष घेऊन येते. विविधता म्हणजे बेफिकिरी नव्हे. प्रत्येक किडा काय खाऊन वाढला हे ज्याला सांगता येते, त्यानेच तो किडा द्यावा.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला खर्चाचा. तुतीचे झुडूप लावायला किती लागते? माश्यांच्या अळ्या स्वयंपाकघरातल्या उष्ट्यावर वाढतात. काडीकिड्याला एक काचेची बरणी आणि चार डहाळ्या पुरतात. हजारो रुपयांचा प्राणी, हजारो रुपयांचा दिवा आणि पिंजरा घेणाऱ्याने खाण्याच्या वेळी गरिबी सांगावी, हे आम्ही ऐकून घेणार नाही. दुसरा आक्षेप किळसेचा: घरात अळ्या नकोत, झुरळे नकोत. मग कीटकभक्षी प्राणी कशाला आणला? तिसरा आक्षेप सर्वांत घातक: ‘आमचा तर रातकिड्यांवर दोन वर्षे जगला.’ जगला! चांगल्या निगराणीत पाच-सात वर्षे जगू शकणारा नर दोन वर्षांत गेला, आणि मालक त्यालाच यशाचे प्रमाणपत्र समजतो. जगणे आणि धडधाकट जगणे यांत अंतर आहे, हे माणसाच्या बाबतीत आपण मोठ्या लढ्यांनंतर मान्य केले. मुक्या प्राण्याच्या बाबतीत ते मान्य करायला आपल्याला आणखी कोणता पुरावा हवा?

उलट, अति खाऊ घालणाऱ्यांनीही छाती फुगवू नये. व्हेल्ड शॅमेलिऑनची मादी ठासून खाऊ घातली, पिंजरा सतत गरम ठेवला, की एकेका वेळी साठ-सत्तर अंडी घालते आणि त्या ओझ्याने लवकर झिजून मरते. अन्न किती दिले याचा अभिमान नको. काय दिले याचे उत्तर हवे.

एकाच किड्यावर सारी भिस्त ठेवण्याचे फळ खुद्द व्यापारानेही भोगले आहे. रातकिड्यांना होणाऱ्या डेन्सोव्हायरस या विषाणूने आधी युरोपातल्या आणि मग २०१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या पैदास केंद्रांचा फडशा पाडला. लाखो-करोडो रातकिडे मेले, वर्षानुवर्षांचे व्यवसाय बुडाले, आणि रातकिड्यांवाचून ज्यांचे पानही हलत नव्हते त्या पाळणाऱ्यांची दाणादाण उडाली. ज्यांनी रेशीमकिडे, झुरळे, माश्या आधीपासून वाढवल्या होत्या त्यांच्या पिंजऱ्यांत त्या दिवसांतही चूल पेटती राहिली. एवढा मोठा धडा मिळूनही बाजाराने केले काय, तर रातकिड्याची दुसरी, विषाणूला दाद न देणारी जात आणली आणि पुन्हा तोच डबा, तोच धंदा!

आता कायद्याकडे वळू, कारण उपदेशाने न सुधारणाऱ्यांसाठीच कायदा असतो. भारताचा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा दिला नाही तर ती क्रूरता, असे त्याचे अकरावे कलम म्हणते. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. एका प्राण्याची हाडे कुजवण्याची किंमत एका चहाच्या कपात भागते! शिवाय कायदा पाहतो तो अन्न पुरेसे आहे की नाही एवढे. ते त्या जातीला मानवणारे आहे काय, हे तो विचारत नाही. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने प्राण्याला योग्य आहार मिळणे ही मालकाची जबाबदारी ठरवून टाकली. आपल्याकडे २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम आले, पण त्यांतल्या पाळीव प्राण्यांच्या यादीत कुत्री, मांजरे, ससे, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी. सरपटणाऱ्या प्राण्याचे नाव त्यात नाहीच; ज्यांच्या मालकीला आणि व्यापाराला बंदी नाही असे ‘इतर प्राणी’, एवढाच मोघम उल्लेख आहे. म्हणजे शॅमेलिऑनला काय खाऊ घातले याचा दुकानदाराला नावानिशी जाब विचारणारा नियम त्यात नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखालच्या विदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली आणि २०२४ मध्ये त्याचे नियमही निघाले. पाळले जाणारे बहुतेक शॅमेलिऑन या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. पाऊल योग्य आहे. पण नोंदणीच्या कागदावर प्राण्याची जात आणि मालकाचा पत्ता आला म्हणजे प्राण्याला न्याय मिळाला, असे सरकारने समजू नये. आमची मागणी स्पष्ट आहे. नोंदणी करणाऱ्याने आहाराची लेखी योजना दिली पाहिजे, ती सरपटणाऱ्या प्राण्यांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याने तपासली पाहिजे, विक्रेत्याने प्रत्येक प्राण्याबरोबर मराठीत छापलेली आहारपत्रिका दिली पाहिजे, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी गाय-म्हैस-कुत्र्यापलीकडच्या या प्राण्यांचा आहार अभ्यासक्रमात आणला पाहिजे. ज्या राज्यात रेशीमशेती आहे, कृषी विद्यापीठे आहेत, कीटकशास्त्राचे विभाग आहेत, तेथे खाद्यकीटकांची शुद्ध पैदास करणारे केंद्र उभे राहू शकत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

विदेशातून सुट्टीला येणाऱ्या आमच्या बांधवांना एक ताकीद. विदेशी खाद्यकीटक, त्यांची अंडी, त्यांचे कोश सामानात दडवून आणू नका. परवानगीविना जिवंत कीटक देशात आणण्यावर १९१४ पासून कायद्याची बंधने आहेत, आणि ती योग्यच आहेत. तंबाखू-टोमॅटोवरची अमेरिकी शिंगअळी एकदा निपाणीच्या तंबाखूत किंवा नारायणगावच्या टोमॅटोत उतरली, तर तुमच्या एका पिंजऱ्यासाठी शेकडो शेतकऱ्यांचे पीक जाईल. हवाईत १९७२ मध्ये थोडेसे जॅक्सन शॅमेलिऑन मोकळे सोडले गेले. आज ते त्या बेटांवरच्या मूळच्या गोगलगायी आणि कीटक फस्त करत आहेत. परक्या प्राण्याशी खेळ कसा अंगाशी येतो याचा दाखला म्हणून तेवढे पुरे.

राहिला आपला घोयरा. महाराष्ट्राच्या रानात, माळावर, बांधावरच्या बाभळी-बोरींत सावकाश डुलत चालणारा हा भारतीय शॅमेलिऑन. काही जण त्याला विषारी समजून दगड घालतात, आणि आता काही जण विदेशी प्राणी परवडत नाही म्हणून त्यालाच उचलून घरी नेऊ पाहतात. तो विषारी नाही. तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि त्याला पकडणे व पाळणे गुन्हा आहे. त्याचा आहार बदलण्याचा, सुधारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एका पावसाळ्यात त्याच्या बांधावर जितक्या जातींचे किडे फिरकतात तितके जगातला कोणताही पाळणारा जमवू शकणार नाही. त्याच्यासाठी करायचे ते इतकेच, की बांधावरची झुडपे तोडू नयेत, आणि जेथे गरज नाही तेथे फवारणीचा पंप उचलू नये.

ज्यांच्या घरी आज विदेशी शॅमेलिऑन आहे त्यांना आम्ही विनवणी करत नाही, बजावतो. आजच्या आज पिंजऱ्यापुढे उभे राहा आणि गेल्या महिनाभरात त्याला किती जातींचे किडे मिळाले ते मोजा. उत्तर एक आले, तर तुम्ही त्याला उपाशी ठेवले आहे. हा आठवडा संपायच्या आत दुसऱ्या जातीचा किडा घरात आणा, पंधरवड्यात तिसरा. त्यांना हिरवा पाला, गाजर, परागकण घाला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याला गाठून कॅल्शियम, जीवनसत्त्वे आणि दिवा यांचे प्रमाण ठरवून घ्या. आणि हे सारे जमणार नसेल तर तो प्राणी, रीतसर नोंदणी करून, जो हे करू शकतो त्याच्या हाती सोपवा. नवा मात्र विकत घेऊ नका.